विहीणबाईंना भूक लागेपर्यंत

मद्रासमध्ये वैशाखात एखादी वस्तू गरम ठेवण्यासाठी खास माणूस लागतो, असं सांगितलं तर बाहेरगावचा पाहुणा आधी हसतो आणि मग घाम पुसतो. तिथं नळाचं पाणी गरम, रिक्षाची गादी गरम, देवळाची फरशी तर इतकी गरम की भाविक प्रदक्षिणा उड्या मारत पूर्ण करतात. सगळं शहर आपण होऊन तापलेलं असताना एक पदार्थ मात्र हट्टानं निवतो. उकडून, कुसकरून, फोडणी घातलेला बटाटा. तंजावरकडची मराठी मंडळी त्याला तमिळ शेजाऱ्यांच्या शब्दात मसियल म्हणतात. चुलीवर असतो तोवर त्याच्या अंगी ज्वालामुखीचे गुण असतात. पातेल्यातून पानावर येईपर्यंत त्याचा भिंतीचा गिलावा झालेला असतो. असं का होतं, याचा तीस वर्षं सलग विचार केलेला अख्ख्या मद्रासेत एकच गृहस्थ होता. त्यांचं नाव राजगोपालराव.

राजगोपालरावांचे पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर तंजावरला आले आणि परत जायचं राहून गेलं. तीनशे वर्षांत घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या, मराठी मात्र तीच राहिली. ती ऐकताना पुण्याच्या माणसाला वाटावं, कोणीतरी बखर उघडून तिच्यातून वाणसामानाची यादी वाचतंय, आणि तीही तमिळ चालीवर. ट्रिप्लिकेनमध्ये घर, पेरांबूरला रेल्वेच्या भांडारात स्टोअरकीपरची नोकरी. माल ज्या स्थितीत आला त्याच स्थितीत पुढं द्यायचा, सुधारायचा नाही, बिघडवायचा नाही, हे त्या नोकरीचं सार. बरोबरीच्या लोकांना त्याचा कंटाळा येई. राजगोपालरावांना त्यात जीवनाची दिशा सापडली होती.

लग्नकार्यात त्यांना काय काम द्यावं, हा सुरुवातीला भाऊबंदांपुढं प्रश्न होता. स्वयंपाक येत नव्हता. वाढायला उभं केलं, तर पानावरच्या माणसानं 'पुरे' म्हटलं की हे खरंच थांबत. अशा माणसाच्या हाती लाडवाचं ताट देऊन एका पंगतीत नऊ पाहुणे अर्धपोटी उठवल्यावर त्यांची त्या खात्यातून कायमची बदली झाली. मग एका चुलतभावाच्या लग्नात ते नुसतेच भिंतीला टेकून बसले असता त्यांच्या लक्षात आलं की आचारी रांधतो, वाढपी वाढतो, पण रांधून झाल्यावर आणि वाढायच्या आधी जो अर्धा-पाऊण तास जातो, त्याला धनी कोणीच नाही. तो त्यांनी घेतला.

तेव्हापासून मद्रासमधल्या मराठी घरांतल्या कार्यांना, मग ती तंजावरी असोत की सरकारी नोकरीनिमित्त आलेल्या महाराष्ट्रीयांची, राजगोपालरावांना बोलावणं जाई. पत्रिकेच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेलं असे, 'सकाळीच यावे.' ते एक बोचकं घेऊन येत. त्यात त्यांची लोकरीची धाबळी. सुती कापड विटाळतं, लोकर विटाळत नाही. तेव्हा पातेल्यावर पांघरायला सोवळ्यात चालणारं आणि ऊब धरणारं असं हे एकच वस्त्र शास्त्रानं आणि निसर्गानं मिळून नेमून दिलं आहे, असं त्यांचं मत होतं. भातावर ते फार वेळ घालवत नसत. भात आपली काळजी घेतो, म्हणत. सांबार पुन्हा उकळता येतं. पण मसियल पुन्हा तापवायला गेलं की तळाशी करपतं, वरून साय धरतं आणि मधे थंडच राहतं. एकाच पातेल्यात तीन ऋतू.

त्यावरची त्यांची रीत ठरलेली होती. मोठ्या तपेल्यात कढत पाणी, त्यात मसियलचं पातेलं, तळाला विटेचे तुकडे म्हणजे बुडाला बूड लागायला नको. तपेल्याखाली दोन-तीन निखारे. पाणी तापलेलं राहावं पण उकळू नये. बटाट्याला अगदी चिकटून केळीचं पान, म्हणजे साय धरत नाही. त्यावर झाकण, झाकणावर धाबळी. लिंबू पिळायचं ते वाढायला नेताना, आधी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मधे उघडून बघायचं नाही. "बघण्यानेच निवते," ते सांगत. "पुष्कळ गोष्टी बघण्याने निवतात." दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांना कोणी विचारला नाही.

एकसष्ट सालच्या जानेवारीत त्यांच्या एकुलत्या मुलीचं, हेमावतीचं, लग्न ठरलं. मुलगा रत्नाकर मुजुमदार, पुण्याचा, मद्रासजवळच्या आवडी गावी संरक्षण खात्याच्या कचेरीत दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला. शांत, सांगितलेलं ऐकणारा. त्याची आई कुमुदिनीबाई सून बघायला म्हणून पुण्याहून आल्या, तेव्हा त्यांना घरी जेवायला ठेवून घेतलं. यजमान म्हणून राजगोपालरावांना पाहुण्यांशेजारी बसणं भाग होतं, त्यामुळं आत पातेल्यापाशी कोणी नव्हतं. कुमुदिनीबाईंनी मसियलचा घास घेतला आणि निर्मळ मनानं, माहिती करून घ्यावी तसं विचारलं, "तुमच्याकडे बटाटा गारच खातात वाटतं?"

राजगोपालराव "होय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्रीपासून लग्नापर्यंतचे चार महिने त्यांच्या डोक्यात हेच एक वाक्य होतं. जावयाच्या पगाराची चौकशी बायकोनं केली, मुहूर्त भटजींनी काढला, नुंगंबाक्कमचं छत्र, म्हणजे लग्नाचं कार्यालय, मेहुण्यानं ठरवलं. राजगोपालरावांनी आचारी ठरवला. वेंकटरमण नावाचा, मूळ कुंभकोणमचा, हाताखाली चार माणसं. त्याला त्यांनी एकच अट घातली. विहिणीच्या पंगतीला कुमुदिनीबाईंच्या पानावर मसियल पडेल तेव्हा त्यातून वाफ निघाली पाहिजे.

"निघेल की राव," वेंकटरमण म्हणाला. "पण तुम्ही त्या दिवशी आत यायचे नाही. मुलीच्या बापाचे स्वयंपाकघरात काय काम?"

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"माझे दोन डोळे आहेत ना."

"उघडून बघशील," राजगोपालराव खिन्नपणे म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला काशीयात्रा निघाली. दक्षिणेत हा विधी मोठ्या हौशीनं करतात. नवरदेव छत्री, काठी आणि पंखा घेऊन, संसार नको म्हणत काशीला निघतो. मुलीचा बाप नारळ घेऊन मागं धावतो, आमची कन्या देतो, परत या, म्हणून विनवतो. मग नवरदेव परततो. रत्नाकरला सांगितलं होतं की थांबवेपर्यंत चालत राहायचं. थांबवणारे राजगोपालराव त्या वेळी बटाटे नीलगिरीचे आले आहेत की दुसरेच कुठले, याची खात्री करत मागच्या दारी होते. त्यामुळं रत्नाकर सांगितल्याप्रमाणं चालत चालत फाटक ओलांडून, कोपरा वळून बसस्टॉपपर्यंत पोचला. तिथं दोघातिघांनी त्याला बसमध्ये चढायला जागाही करून दिली.

कुमुदिनीबाईंनी हे वरच्या खिडकीतून पाहिलं.

"अहो, रत्नाकर निघाला," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान मुजुमदार पेपर वाचत होते. "कुठं?"

"ते कसं कळणार? छत्री घेतलीय."

"मग लांब जात असेल," मुजुमदार म्हणाले आणि पान उलटलं.

पुढं राजगोपालराव धापा टाकत पोचले, नारळ पुढं केला, रस्त्यात उभं राहून जे म्हणायचं ते तीन वेळा म्हणाले, आणि जावई परत आला. कुमुदिनीबाईंना मग सगळं समजावून सांगण्यात आलं. आमच्याकडे मुलगा काशीला निघतो तो मुंजीत, लग्नात नव्हे, एवढंच त्या म्हणाल्या. पण एका गोष्टीनं त्यांना बरं वाटलं. हा गृहस्थ विनवण्या मनापासून करतो. धावतो, घाम गाळतो, तीनदा म्हणतो. म्हणजे दुपारचं आपलं कामही व्यवस्थित होईल.

दुपारचं त्यांचं काम होतं रुसण्याचं. कुमुदिनीबाई स्वभावानं रुसणाऱ्या नव्हत्या. घरी त्या सरळ भांडत. पण मुलाच्या लग्नात विहिणीची पंगत मांडली जाते, पायघड्या घालून तिला पानावर नेतात, तिनं पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे घेत नाहीत. अशा वेळी विहीण जराही न रुसता सरळ जाऊन जेवायला बसली, तर मुलाकडची मंडळी काय म्हणणार? त्यांच्या स्वतःच्या लग्नात सासूबाई शेंडी नसलेल्या नारळावरून दीड तास रुसल्या होत्या. त्यांना दीड तास नको होता. तीन विनवण्या पुरेत. तिसऱ्या विनवणीला उठायचं. फक्त कारण सापडत नव्हतं. सकाळपासून त्या शोधात होत्या, पण या लोकांनी कशातच काही कमी केलेलं दिसेना. अखेर साडेअकराला, पंगतीसाठी बोलावणं आलं तेव्हा, त्यांना दिसलं की पायघड्या त्यांच्या खोलीच्या दारापासून चार पावलं अलीकडंच संपल्यात. त्या आत वळल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

मांडवात दीडशे पानं मांडली होती. मीठ, लोणचं, कोशिंबीर वाढून झाली होती. मसियल सव्वाअकराला तयार होऊन तपेल्यात बसलं होतं. एक माणूस धावत आला आणि राजगोपालरावांना म्हणाला, "विहीणबाई येत नाहीत. रुसल्यात म्हणतात."

राजगोपालराव तडक खोलीकडं गेले. दारात उभं राहून हात जोडले. "विहीणबाई, पाने मांडली आहेत. भोजनास चलावे."

कुमुदिनीबाई भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "मला भूक नाही. तुम्ही सगळे जेवून घ्या."

आता विनवण्यांची ही पहिली पायरी होती, आणि पुढची पायरी राजगोपालरावांची होती, हे खोलीतल्या पुण्याच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. राजगोपालरावांना नव्हतं. त्यांच्या हिशेबी लग्नातली विनवणी सकाळीच उरकली होती, बसस्टॉपवर, तीन वेळा, नारळासकट. ज्यानं रुसायचं तो रुसून, समजूत निघून, मंगळसूत्र बांधून मोकळा झाला होता. त्यानंतर एखादी प्रौढ, शहाणी बाई भूक नाही म्हणते, तर तिच्या पोटाबद्दल तिच्याहून अधिक कोणाला कळणार?

"सरि," ते म्हणाले, म्हणजे ठीक. "सावकाश लागू द्या." आणि निघून गेले.

खोलीतले सगळे दाराकडं वळले. मुजुमदारांनी पेपर खाली केला. "गेले वाटतं," ते म्हणाले.

मांडवात येऊन राजगोपालरावांनी जाहीर केलं की विहीणबाईंना अजून भूक लागलेली नाही, ती लागेपर्यंत सर्वांनी बसून राहावं. मग ज्या गोष्टीची त्यांना खरी काळजी होती तिकडं ते वळले. मसियलला पंधरा मिनिटं होऊन गेली होती. विहीणबाईंना भूक केव्हा लागेल याचा नेम नव्हता. वेंकटरमणचे दोन डोळे होते, पण हातही होते, आणि ते झाकणाकडं जात असणार. राजगोपालराव स्वयंपाकघरात शिरले, बोचक्यातून धाबळी काढून पातेल्यावर पांघरली आणि तपेल्याजवळ पाटावर बसले.

"राव, तुम्ही इथे?" वेंकटरमण म्हणाला.

"उघडले होतेस?"

वेंकटरमण चुलीतली लाकडं सारखी करू लागला.

"किती वेळा?"

"दोनदा. मीठ बघायला."

"मीठ पळून जाणार होते?" राजगोपालरावांनी एक निखारा पुढं सारला आणि दुसरा मागं ओढला.

पाऊण वाजायला आला तसा मांडव कुजबुजू लागला. पानावर बसलेल्या दीडशे माणसांना करण्यासारखं काही नव्हतं. लोणचं संपत आलं होतं. नुसतं लोणचं चाटणं म्हणजे घास नव्हे, असा निर्णय कोणीतरी ज्येष्ठानं दिल्यापासून ते वेगानं संपत होतं. तेव्हा राजगोपालरावांच्या पत्नी महालक्ष्मीबाई नवऱ्याला शोधत आत आल्या.

"अहो, मुलगी दिली आणि इथं कां येऊन बसलात?"

"बटाटा राखतो."

"बाहेर माणसे पाने कुरतडतील आता. विहीणबाईंचे काय?"

"त्यांस भूक नाही."

"साडेअकरास नव्हती. आता एक होईल. पुन्हा विचारायला नको?"

"भूक लागली की माणूस सांगतो," राजगोपालराव म्हणाले. "मी सारखा विचारीत राहिलो तर त्यांस वाटेल, घाई करतात. पाहुण्यास घाई केली असे नको."

महालक्ष्मीबाईंनाही यात चूक दिसेना. जरा विचार करून त्यांनी विहीणबाईंकडं कॉफी पाठवली. तंजावरी घरात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय हाच असतो, आणि बहुधा शेवटचाही. कॉफी चांदीच्या पेल्यातून गेली, घमघमत खोलीत पोचली आणि तशीच परत आली. रुसलेल्या बाईला कॉफी पिता येत नाही. ती परत जाताना कुमुदिनीबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, पण मुजुमदारांनी दारापर्यंत बघितलं.

"एकदाच आले ते," कुमुदिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी रत्नाकरसाठी धावत गेले, आणि मला एकदाच."

"रत्नाकर घर सोडून निघाला होता," मुजुमदार म्हणाले. "तू नुसती बसलीयस."

"मग मी काय करायचं? काशीला निघू?"

"मी सुचवत नाही. पण मला सकाळपासून दोन इडल्यांवर ठेवलंयस."

आता कुमुदिनीबाईंपुढं खराच पेच होता. न बोलावता उठून गेलं तर मान जातो. बसून राहिलं तर, कोणी येणारच नसेल तर, संध्याकाळही होऊ शकते. आणि मुलाच्या लग्नाचं जेवण विहिणीमुळं नासलं, ही गोष्ट पुण्यात तीस वर्षं पुरेल. शिवाय भूक. ती त्यांना सकाळी सहापासून लागली होती. शेवटी हात धुवायला म्हणून त्या मागच्या बाजूच्या बोळातून निघाल्या. बोळ स्वयंपाकघराच्या दारावरून जात होता. दारात त्या थांबल्या.

आत मुलीचा बाप, जरीचं उपरणं खांद्यावर, कपाळाला अक्षता, घोंगडी पांघरलेल्या एका भांड्यापाशी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा बसला होता.

"राजगोपालराव," त्या उंबरठ्याबाहेरून म्हणाल्या. "हे काय आहे?"

राजगोपालराव उभे राहिले. "बटाटा आहे, विहीणबाई. भूक लागली कां?"

"तुम्ही परत आला नाहीत."

"कुठे?"

"माझ्याकडे. तीनदा यायचं असतं. तुम्ही एकदाच आलात."

"तुम्ही भूक नाही म्हणालात."

"तसं म्हणायचं असतं."

राजगोपालरावांनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे भूक होती?"

"सकाळी सहापासून."

"मग नाही कां म्हणालात?"

"तुमचा जावई सकाळी काशीला निघाला होता, त्याला काशीला जायचं होतं का?"

राजगोपालरावांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेलेली दिसली. वेंकटरमण, कांदा चिरत नसतानाही, डोळे पुसायचं निमित्त करून तोंड फिरवून उभा राहिला.

"चुकले," राजगोपालराव म्हणाले. "आमच्याकडे मुलगा रुसतो. आईसुद्धा रुसते हे ठाऊक नव्हते. आता काय करावे? इथेच दोनदा विनवू?"

"इथं कसं? मी खोलीत जाते. तुम्ही या. मी एकदा नाही म्हणेन. मग तुम्ही पुन्हा म्हणा. मग मी उठते."

"किती वेळ जाईल?"

"पाच मिनिटं."

राजगोपालरावांनी खाली वाकून तपेल्याच्या कडेला बोट लावलं. "पाच चालतील. दहा नको. आपण नाही म्हणाल ते जरा लवकर म्हणावे."

"बरं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. जाता जाता त्या वळल्या. "त्या बटाट्याला पांघरूण कशाला?"

"जानेवारीत तुम्हांस गार लागला होता."

कुमुदिनीबाईंना ते आठवायला क्षणभर लागला. मग त्या बोळातून परत गेल्या, जरा भरभर.

पुढचं सगळं नेमकं झालं. राजगोपालराव खोलीच्या दारात आले, हात जोडून भोजनास चलावं म्हणाले. कुमुदिनीबाई भिंतीकडं तोंड करून "नको" म्हणाल्या, पण इतक्या झटकन की शब्द पुरा व्हायच्या आत राजगोपालरावांची तिसरी विनवणी सुरू झाली होती. पुण्याच्या मंडळींनी समाधानानं माना हलवल्या. एवढ्या तळमळीनं विनवणारा व्याही त्यांनी पाहिला नव्हता. मधूनच तो मागं वळून स्वयंपाकघराच्या दिशेनं बघत होता, ते त्यांना लज्जेचं लक्षण वाटलं. कमी पडलेली चार पावलं महालक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या दोन कोऱ्या वेष्ट्या, म्हणजे धोतरं, अंथरून भरून काढली. विहीणबाई उठल्या, चालल्या, पानावर बसल्या. मुजुमदार त्यांच्या आधीच बसले होते.

वेंकटरमणनं लिंबू चिरून ठेवलं. राजगोपालरावांनी धाबळी काढली, झाकण काढलं, केळीचं पान सोलल्यासारखं उचललं, आणि पहिल्यांदाच, सकाळपासून पहिल्यांदाच, आत बघितलं. मग लिंबू पिळून पातेलं स्वतः उचललं. मुलीच्या बापानं वाढू नये असं कोणी तरी म्हणालं, पण तोवर ते मांडवात पोचले होते.

विहीणबाईंच्या पानावर त्यांनी एक डाव वाढला. पिवळा, मऊ, मोहरीचे ठिपके असलेला ढीग. दीडशे माणसं बघत होती. त्यातून वाफ निघाली. अशी तशी नाही. शेजारच्या पानावरच्या माणसानं चष्मा पुसला.

कुमुदिनीबाई सहापासून उपाशी होत्या. त्यांनी घास उचलला आणि तोंडात टाकला.

काही क्षण त्या हलल्या नाहीत. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंडावर पदर धरला, दुसऱ्या हातानं हवा घेतली, पाण्याचा पेला शोधला. महालक्ष्मीबाईंनी दाराची चौकट धरली. आता ही बाई खरंच रुसणार, असं प्रत्येकाला वाटलं, आणि या वेळी तिचं काही चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

"पोळलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

राजगोपालराव पातेलं धरून समोर उभे होते. क्षमा मागायला हवी होती. पण तीस वर्षांत, दोनशेच्या वर पंगतींत, हा शब्द त्यांना कोणी म्हटला नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

कुमुदिनीबाईंनी पदर बाजूला केला आणि त्यांच्याकडं बघितलं. माणसाच्या तोंडावर इतका निखळ आनंद, तोही आपली जीभ भाजल्याचा, त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. आणि त्याच वेळी दुसरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सकाळपासून शोधूनही जे सापडलं नव्हतं ते कारण आता मिळालं होतं. भक्कम, सर्वांसमक्ष, नारळाच्या शेंडीहून कितीतरी सरस. पण रुसण्याची पाळी एकदाच असते, आणि ती त्यांनी चार पावलांच्या कापडावर घालवून टाकली होती.

"बरंच," त्या म्हणाल्या. "दही आहे का?"

दही आलं. मुजुमदारांनी तोवर आपल्या पानावरच्या बटाट्यावर फुंकर घालायला सुरुवात केली होती, आणि त्यांचं बघून मुलाकडच्या सगळ्या पंगतीनं. नुंगंबाक्कमच्या त्या मांडवात दोन-तीन मिनिटं नुसती फुंकर ऐकू येत होती. कुमुदिनीबाईंनी दह्याचा घोट घेतला, जीभ दाताला लावून बघितली, आणि मग जेवायला लागल्या. जरा वेळानं त्यांनी पानाच्या डाव्या बाजूकडं बोट दाखवलं. राजगोपालरावांनी डाव पुढं केला.

"पुरे," एका डावानंतर त्या म्हणाल्या.

राजगोपालराव थांबले. मग त्यांना काहीतरी आठवलं. ते कुमुदिनीबाईंच्या तोंडाकडं बारकाईनं बघत राहिले.

"हे खरे पुरे आहे की म्हणायचे पुरे?" त्यांनी विचारलं.

"म्हणायचं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक डाव वाढला, पातेल्यावर घाईनं झाकण ठेवलं आणि आत निघाले. दुसरी पंगत बसायची होती आणि तपेल्यातलं पाणी बरंच आटलं होतं.